सॅटिन ट्रायोच्या माईकचा निरोप

मी माईक बोलतोय. बोलायच्या आधी एकच विनंती आहे, टिचकी मारू नका. फुंकरही नको, आणि ते "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" तर अजिबात नको. माणसांना माझ्याशी बोलायचं म्हटलं की आधी माझ्या डोक्यात टपली का मारावीशी वाटते, हे मला अजून कळलेलं नाही. जिवंत आहे का बघतो, म्हणतात. आता मी जिवंत नाही. त्यामुळे बघण्यासारखं काही नाही, नुसतं ऐका.

खरं म्हणजे ऐकणं हे माझं काम. बोलतो तो स्पीकर. मोठा डबा, मोठा आवाज, आणि सगळं श्रेयही त्यालाच. मी कधी तक्रार केली नाही. पण एका बाईचा निरोप माझ्यापाशी अडकून पडलाय, आणि तो पोचवणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. एकदम सांगितला तर तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. जड धातूचं अंग, डोक्यावर जाळीची टोपी आणि पोटात केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं. तिथून मला वसईच्या एका मंडप डेकोरेटरने नेलं. त्याच्याकडे मी काय काय नाही ऐकलं! हाऊजीच्या खेळातले आकडे ऐकले, सणाच्या मिरवणुकीतल्या सूचना ऐकल्या, निवडणुकीतली आश्वासनं ऐकली, आणि हरवलेल्या पोरांची वर्णनं तर शेकड्याने ऐकली. मग त्याने नवा माईक आणला आणि मी अडगळीत पडलो. त्याच्या मंडपात दिव्यांच्या माळा बांधायला येणारा रॉकी मला म्हणाला, "चल रे बाबा, तू आमच्याकडे चल." डेकोरेटरने हसत देऊन टाकलं.

रॉकी पापडी गावचा. घरात तीन भावंडं. थोरली व्हॅलेरी, मधली आग्नेस आणि धाकटा हा. तिघंही चर्चच्या गायन मंडळात वाढलेली. त्या वर्षांत सगळीकडे डिस्कोचं वेड होतं. लग्नाच्या मांडवात एरवी शिस्तीत वाल्झ नाचणारी माणसं कंबर उडवायला लागली होती. रॉकीच्या डोक्यात खूळ शिरलं की आपण तिघांनी गट काढायचा. वाद्यं वाजवणारे मिळतील तिथे घ्यायचे, पण गाणारे आपण तिघंच.

त्यांच्या मम्मीने कपडे शिवले. चर्चमधल्या वेदीच्या पडद्यासाठी आणलेलं निळं सॅटिन उरलं होतं, त्याचे दोन झगे आणि एक बेलबॉटम झाली. पहिल्याच लग्नात फादरांनी कापड ओळखलं. मम्मीचा चेहरा पडला. फादर हसून म्हणाले, "देवाचंच कापड आहे, नाचू दे थोडं." तेव्हापासून गटाचं नाव पडलं, सॅटिन ट्रायो.

आता त्यांची गाण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. माईक एक आणि गळे तीन. मम्मीने पडवीत मधोमध मला उभं केलं आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. व्हॅलेरीचा आवाज उंच आणि पातळ, म्हणून ती माझ्यापासून एका वितीवर. आग्नेसचा खालचा, भरलेला, म्हणून ती बाजूला हातभर लांब. रॉकीचा म्हणजे ढोलच, त्याला पार मागे. गाण्यात ज्याची ओळ येईल त्याने अर्धं पाऊल पुढे यायचं आणि बाकीच्यांनी मागे सरायचं. आवाज लहानमोठा करायला बटण नव्हतं. सगळं पायांनी जुळवायचं. लोकांना वाटायचं, काय डिस्को नाचतात ही पोरं! अहो, नाचतात कसली, एकमेकांना वाट देत होती.

आणि खरं सांगतो, तीन वेगवेगळे आवाज असे मी कधी ऐकलेच नाहीत. माझ्या जाळीपाशी येईस्तोवर त्यांचा एकच झालेला असायचा. तशी मजा मला पुन्हा आली नाही.

वसई, विरार, बांद्रा, कुठली लग्नं म्हणून त्यांनी सोडली नाहीत. नाताळातले नाच, सणांचे जलसे, मुंबईतली एक स्पर्धा आणि तिथलं दुसरं बक्षीस. रॉकीने स्वतः एक गाणं रचलं होतं. "दिवा नको लावू, मला चांदणं पुरे, पायात माझ्या आज वारं शिरे." मराठीतलं डिस्को गाणं, तेही वसईच्या पोरांचं! मांडवात म्हाताऱ्या बायकासुद्धा उठून उभ्या राहायच्या. रेकॉर्ड मात्र निघाली नाही. निघेल निघेल म्हणत राहून गेली.

ब्याऐंशी साली बांद्र्याच्या एका लग्नात आखातातल्या दोह्याच्या एका हॉटेलचा माणूस आला होता. त्याने तिघांना हिवाळ्यासाठी करारावर घेतलं. आग्नेसने मला टॉवेलात गुंडाळून पेटीत घातलं, आणि मी समुद्रापार आलो.

तेव्हाचं दोहा आताच्या पोरांना सांगून पटायचं नाही. वेस्ट बेमध्ये आज इमारतींकडे मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं, तिथे तेव्हा नुसती वाळू आणि पाणी होतं. हॉटेल समुद्रकाठी होतं. गुरुवारी संध्याकाळी फॅमिली नाईट असायची. गोव्याचे कारकून, केरळच्या नर्सबाया, गोरे इंजिनियर, लेबनानी कुटुंबं, सगळी सजूनधजून यायची आणि गाणं संपलं की अरबीत चला म्हणावं तसं "यल्ला, वन्स मोर" म्हणून टेबलं बडवायची. रॉकीचं मराठी गाणं कुणाला कळत नव्हतं आणि नाचत मात्र सगळे होते. दोन हिवाळे असे गेले. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे.

तिसऱ्या हिवाळ्यात मॅनेजरने तीन नवे माईक आणले. चकचकीत, हलके, आणि प्रत्येकाचं आवाजाच्या मशीनवर वेगळं बटण. "आता दाटीवाटी नाही," मॅनेजर म्हणाला, "ज्याचा त्याला." तिघंही हरखून गेली. मोठ्या गटांकडे असतात तसे माईक! वसईला मम्मीला पत्रातून कळवलं. मला आग्नेसने आपल्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी स्टेजच्या कडेला टांगली. अरे खुळ्यांनो! दाटीवाटी होती म्हणून तर गाणं होतं.

पहिल्याच गुरुवारी गंमत झाली. इतकी वर्षं हातभर लांब उभी राहिलेली आग्नेस एकदम माईकच्या तोंडाशी आली. तो खालचा, भरलेला आवाज लोकांनी पहिल्यांदा नीट ऐकला. जेवणारी माणसं चमचे खाली ठेवून बघायला लागली. दुसऱ्या गुरुवारी तिच्या नावाने हाका आल्या. मग मॅनेजरने बाहेरच्या पाटीवर लिहिलं, आग्नेस आणि सॅटिन ट्रायो. थोरल्या बहिणीने ती पाटी वाचली आणि काही बोलली नाही. व्हॅलेरीचं ते न बोलणंच वाईट. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी कार्यक्रमाच्या आधी व्हॅलेरी मशीनपाशी गेली आणि तिने आग्नेसचं बटण पार खाली केलं. मी पिशवीतून बघत होतो. मी काय करणार? माझी तारसुद्धा कशाला जोडलेली नव्हती.

आग्नेस ती सगळी संध्याकाळ गायली. डोळे मिटून, जीव ओतून गायली. वाद्यांच्या गोंगाटात गाणाऱ्याला आपला आवाज डोक्यात ऐकू येतच असतो, त्यामुळे तिला पत्ता लागला नाही. लोक मात्र कुजबुजत होते की आज हिला झालंय काय, नुसते ओठ हलवतेय. कार्यक्रम संपल्यावर रॉकीने बटण पाहिलं. कोण मशीनपाशी गेलं होतं तेही त्याने पाहिलेलं होतं. भोळा तो. त्याने ते आग्नेसला सांगितलं.

हॉटेलच्या मागच्या जिन्यात आग्नेसने थोरलीला गाठलं. तिला ती बाय म्हणायची. "बाय, तू केलंस?"

"काय केलं?"

"माझं बटण."

"मला काय ठाऊक? मशीन आहे, बिघडतं."

"रॉकीने बघितलंय, बाय. तू फक्त हो म्हण. मी काही बोलणार नाही तुला."

"न केलेल्याला हो म्हणू?"

आग्नेसच्या पिशवीत मी होतो. "ठीक आहे," ती म्हणाली. "देवाची शपथ, तुझ्यासमोर मी पुन्हा गाणार नाही."

खलास. सॅटिन ट्रायो तिथे संपला. दुधात मिठाचा खडा पडायला कितीसा वेळ लागतो?

रॉकीने दोघींमध्ये खूप खेटे घातले. इकडे ये, तिकडे जा, ही असं म्हणाली, ती तसं म्हणाली. शेवटी कंटाळून तो वसईला परतला, लग्नांत बॅंडबरोबर एकटाच गायला लागला, आणि दारूच्या नादी लागून लवकर गेला. त्याच्या मातीला व्हॅलेरी गेली. आग्नेसला रजा मिळाली नाही. ती त्या दिवशी माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती आणि आतून मी तिचं रडणं ऐकत होतो.

आग्नेस दोह्यातच एका इस्पितळाच्या काउंटरवर नोकरीला लागली. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. मुलगी ऑलिव्हिया आता वेस्ट बेमधल्या एका बॅंकेत आहे, आणि तिने आईला आपल्या घरी ठेवून घेतलं. व्हॅलेरीने सबॅस्टियनशी लग्न केलं. तो तेलकंपनीत, म्हणून दुखानला राहायला गेली. पुढे सबॅस्टियन निवृत्त झाला, त्यांचा मुलगा जोशुआ तिथेच नोकरीला लागला, आणि म्हाताराम्हातारी त्याच्याकडे राहिली. दोह्याहून दुखान गाडीने तासाभराचं. एवढासा हा देश, आणि त्यात दोघी बहिणी चाळीस वर्षं एकमेकींना चुकवत जगल्या.

कशा चुकवत? ऐका. इथे मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचा, मोठा दिवस शुक्रवार, कारण सुट्टी तेव्हा. आग्नेस सकाळच्या मिस्सेला जायची, म्हणून व्हॅलेरी संध्याकाळच्या. आग्नेसला एकदा ताप आला आणि ती संध्याकाळी गेली, तर व्हॅलेरीला लांबून बघून दारातूनच परत फिरली. देवाच्या घरीसुद्धा पाळ्या लावून घेतल्या होत्या या दोघींनी! कुणाच्या लग्नात समोरासमोर आल्याच तर "बरी आहेस?" "बरी." की झालं.

आग्नेस पुन्हा गायली नाही. शपथ बहिणीसमोर न गाण्याची होती, हिने कुणासमोरच गाणं ठेवलं नाही. दरवेळी घर बदललं की ऑलिव्हिया कपाटावरून मला काढून म्हणायची, "मम्मा, व्हाय आर वी कीपिंग धिस जंक?" आग्नेसचं उत्तर ठरलेलं. "असू दे गं. खातंय का ते काही?"

गेल्या हिवाळ्यात आग्नेसचा आवाज बसला. आलं झालं, मध झाला, काढा झाला. आवाज काही वर येईना. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑलिव्हिया स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. आग्नेस रडली नाही. तिने मला खाली काढलं, टॉवेल सोडला, जाळी पुसली आणि मुलीला हाक मारली. "दुखानला फोन लाव."

"आँटी व्हॅलेरीला? मम्मा, आर यू शुअर?"

"हो. सांग की ऑपरेशन आहे, त्याच्या आधी ये. एकदा बरोबर गायचंय म्हणावं."

"अँड युअर प्रॉमिस?"

"देव बघेल ते. तो माझा आवाजच नेतोय, शपथेचं काय घेऊन बसलीस?" मग ती खरं बोलली. "गाणं निमित्त आहे, पोरी. मला तिच्या तोंडून एकदा ऐकायचंय की बटण तिने खाली केलं. मग मी म्हणेन, जाऊ दे बाय. तिने म्हणायचं आणि मी म्हणायचं. माझ्या तोंडाने म्हणायचं, कागदावर लिहून नाही. नंतर कुठून आणू आवाज?"

"सो यू से इट फर्स्ट! जस्ट फर्गिव्ह हर."

"मी आधी म्हटलं तर ती विचारेल, कसली माफी? मी काय केलं? तू ओळखत नाहीस तिला."

ऑलिव्हियाने फोन लावला. व्हॅलेरी म्हणाली, गुडघे दुखतात, बघू. आग्नेसने ते ऐकलं आणि मला पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. पण ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात जोशुआच्या खांद्याला धरून व्हॅलेरी उभी होती. एका हातात डबा. "फुगे तळून आणलेत," ती म्हणाली. "मम्मीसारखे नाही झालेत."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या हो! चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना मी इतक्या जवळून ऐकत होतो, त्या या. आग्नेस घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत ये. दारात काय उभी राहतेस, पावणी आहेस का?"

ऑलिव्हियाने कराओकेचा डबा आणला होता. माझी जुनी पिन त्यात बसेना, म्हणून तिने एशियन टाउनच्या बाजारातून एक जोडणी मागवली होती. मला जोडलं. मी थोडा खरखरलो आणि गप्प झालो. पोटातली तार कधीच तुटलेली होती. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी टॉवेलात पडून राहिलो, त्या दिवशी मी नाक कापलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

जोशुआ म्हणाला, "नो प्रॉब्लेम, आँटी. मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो."

"नको," आग्नेस म्हणाली. "हा घोगरा आवाज मागे नाही ठेवायचा. कुणाला ऐकायचा असेल त्याने आता ऐकावा."

मग त्यांनी मला नुसतंच मधे उभं केलं, एका फुलदाणीत खोचून. आग्नेस सवयीने हातभर लांब जाऊन उभी राहिली. व्हॅलेरी पुढे आली, थांबली, आणि गुडघा धरत धरत मागे सरली. आग्नेसच्या पाठीवर हात ठेवून तिने तिला माझ्यासमोर ढकललं. "तू हो पुढे," एवढंच म्हणाली. आग्नेसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता बोलेल ही, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

त्या रॉकीचं गाणं गायल्या. आग्नेसचा आवाज म्हणजे वाळूवरून पाय ओढत चालल्यासारखा. दोन ओळी निघाल्या, तिसरीला फाटला, चौथीला नुसती हवा. व्हॅलेरीने मागून हलक्या आवाजात ओळ धरून ठेवली, पुढे मात्र आली नाही. मी मेलेला, तरी सगळ्या अंगाने ऐकलं. पण ऐकलेलं पुढे पोचवता आलं नाही. माईकचा जन्म कशासाठी असतो मग?

चहा झाला. फुगे झाले. आग्नेस वाट बघत होती. ती बहिणीला जागा देत होती. शेवटी व्हॅलेरीने कप खाली ठेवला. "आग्नेस, ते आपलं हॉटेल..."

आग्नेसनेही कप खाली ठेवला.

"...पाडलं म्हणे ते," व्हॅलेरी म्हणाली.

"हो," आग्नेस म्हणाली. "कधीच पाडलं."

बाहेर धूळ उडायला लागली होती. जोशुआ किल्ल्या वाजवत उठला. "ममा, यल्ला, रस्ता दिसणार नाही नंतर." व्हॅलेरी उठली. दारात तिने आग्नेसचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. "पुढच्या शुक्रवारी इस्पितळात येते. इन्शाल्ला सगळं नीट होईल. मग निवांत बोलू."

मग निवांत बोलू! जिचा आवाज काढून नेणार आहेत तिला म्हणते, नंतर बोलू! मला इतका राग कधी आला नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती? ते वाक्य जिभेवर घेऊन ती बाई दुखानहून आली होती आणि तसंच परत घेऊन गेली.

इस्पितळात जायच्या सकाळी ऑलिव्हिया गाडी काढायला खाली गेली. घरात आग्नेस एकटी होती. तिने फुलदाणीतून मला उचललं. टिचकी नाही, फुंकर नाही. नीट एका वितीवर धरलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे, बाय. बटणाचं काय एवढं? मलाही ताणायला नको होतं. जाऊ दे. माझ्या मनात काही नाही."

मग तिने मला कपड्यांच्या पिशवीत ठेवलं आणि चेन लावली. ती मला टेप समजली की काय, कोण जाणे. आग्नेस, अगो, मी टेप नव्हे. मला ऐकता येतं, साठवून वाजवता येत नाही. पण तिला कुठेतरी ते म्हणून टाकायचं होतं, आवाज होता तोवर. आणि तिच्या उभ्या आयुष्यात तिचं खरं ऐकणारा मी एकटाच होतो.

ऑपरेशन झालं. शुक्रवारी व्हॅलेरी आली. आग्नेसच्या गळ्यात नळी होती आणि मांडीवर ऑलिव्हियाने दिलेली लिहायची पाटी. व्हॅलेरी ती नळी बघत खुर्चीत बसली. आग्नेसने पाटीवर लिहिलं, गुडघे कसे? व्हॅलेरी म्हणाली, "दुखतात." मग भडभडून रडली. "घरी ये तू. घरी आल्यावर मला तुला एक सांगायचंय." आग्नेसने मान हलवली. पाटीवर दुसरं काही लिहिलं नाही. माफीचे शब्द तिला लिहायचे नव्हते, आणि थोरलीने म्हटल्याशिवाय तर नाहीच नाही. दोघी एकाच मम्मीच्या ना!

आग्नेस घरी आली नाही. जखम चिघळली, ताप चढला, आणि पुढचा शुक्रवार यायच्या आत ती गेली. ऑलिव्हिया तिला वसईला घेऊन गेली. व्हॅलेरीही गेली, चाकांच्या खुर्चीतून. पापडीच्या दफनभूमीत रॉकीच्या शेजारी आग्नेसला ठेवलं.

परत आल्यावर ऑलिव्हियाने मला व्हॅलेरीकडे दिलं. "यू कीप इट, आँटी." तेव्हा व्हॅलेरीने तिला सगळं सांगितलं. बटणाचं, जिन्यातलं, चाळीस वर्षांचं. ऑलिव्हिया म्हणाली, "मम्मा वॉज गोइंग टू फर्गिव्ह यू. तिने मला सांगितलं होतं."

"म्हणणार होती ना?" व्हॅलेरी म्हणाली. "मी म्हटल्यावर म्हणणार होती. मी म्हटलंच नाही. म्हणजे तिनेही म्हटलं नाही. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, बाळा." ऑलिव्हियाने पुष्कळ समजावलं. काही उपयोग झाला नाही.

आता मी दुखानला असतो, जोशुआच्या घरी, काचेच्या कपाटात. संध्याकाळी व्हॅलेरी मला बाहेर काढते, पदराने पुसते आणि वितीवर धरून स्पष्ट म्हणते, "आग्नेस, बटण मीच खाली केलं होतं." रोज म्हणते. जे वाक्य चाळीस वर्षं निघालं नाही ते आता कसं घडाघडा निघतं! मग नवऱ्याला विचारते, "सबॅस्टियन, तिने मला माफ केलं असेल का हो?" तो बिचारा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणतो, "देवाला ठाऊक." देवाला असेल. मला तर नक्की ठाऊक आहे. आणि मी तिच्या हातात असतो, तिच्या तोंडासमोर, आणि मला सांगता येत नाही. याहून मोठी शिक्षा माईकला नसेल.

म्हणून तुम्हाला गळ घालतो. तुमच्यापैकी कुणी दुखानला निघालं, तर वसईवाल्या जोशुआचं घर विचारा. तेलकंपनीच्या टाउनशिपमध्ये कुणीही दाखवेल. व्हॅलेरीपाशी बसा आणि तिला सांगा, आग्नेस म्हणाली होती. तू म्हणायची वाट न बघता म्हणाली होती. जाऊ दे बाय, माझ्या मनात काही नाही, हे तिचे शब्द. तिच्या स्वतःच्या आवाजातले, जवळजवळ शेवटचे. कुणी ऐकलं असं तिने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवा.

मात्र लवकर जा. आणि जरा मोठ्याने सांगा, तिला हल्ली ऐकू येईनासं झालंय.